सकाळची ताठर कंबर आणि गॅमा कॅमेरा

उसण नव्हे, दुसरंच काही

कंबर दुखणं याला आपल्याकडे सहसा कोणी आजार म्हणत नाही. वजन उचललं म्हणून दुखली, बाइकवर खड्डे खाल्ले म्हणून दुखली, गादी मऊ म्हणून दुखली. पंचविशीतला मुलगा सहा महिने कंबर धरून फिरत असला तरी घरचे म्हणतात, ‘दिवसभर लॅपटॉपसमोर वाकून बसतोस, दुखणारच.’ आणि बहुतेक वेळा घरच्यांचं बरोबरच असतं.

पण एका जातीची कंबरदुखी याच्या नेमकी उलटी वागते. ती विश्रांतीने वाढते आणि हालचालीने कमी होते. पहाटे तीन-चारला जाग येते, कूस बदलणं जड जातं, उठून घरात चार फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. सकाळी अंगाचं लाकूड झालेलं असतं. बेसिनवर वाकून तोंड धुणंही कठीण होतं. अर्ध्या-एक तासात कंबर मोकळी होते आणि दिवस बरा जातो. दुखणं कधी डाव्या कुल्ल्यात, कधी उजव्या. उसण कधी भरली ते माणूस बरोबर सांगतो: ‘गणपतीच्या आदल्या दिवशी माळ्यावरून मखर काढताना.’ या दुखण्याला मात्र अशी तारीख नसते. ते विशी-तिशीत, पंचेचाळिशीच्या आत, न सांगता येऊन बसतं.

हा मणक्यांचा दाहक संधिवात. त्याचं पुढचं, सर्वांत जास्त ओळखीचं रूप म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. ओपीडीत त्याला नुसतं ‘एएस’ म्हणतात. इथे झीज हे कारण नसतं. शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांवर आणि स्नायुबंध जिथे हाडाला चिकटतात त्या जागांवर दाह निर्माण करते. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं तर दाहाच्या जागी नवं हाड तयार होतं, मणके एकमेकांना जोडले जातात आणि एक्स-रेत पाठीचा कणा बांबूसारखा पेरापेरांचा दिसतो. तिथवर पोचायच्या आत आजार पकडायचा, हा सगळा खटाटोप त्यासाठी.

एक्स-रे उशिरा का बोलतो

पाठीच्या तळाशी, कमरेच्या जरा खाली, काहींच्या अंगावर दोन्ही बाजूंना खळ्या दिसतात. साधारण त्या खळ्यांच्या आत खोलवर त्रिकास्थी आणि कटीचं हाड यांचा सांधा असतो. त्याचं नाव सॅक्रोइलिॲक. डॉक्टर ‘एसआय जॉइंट’ म्हणतात. हा सांधा जेमतेम हलतो, त्याचा पृष्ठभाग वेडावाकडा असतो आणि तो शरीरात तिरका बसवलेला आहे. बहुतेक रुग्णांत आजाराची सुरुवात इथूनच होते.

एक्स-रेत हाडाचा आकार दिसतो. सांध्याची कड कुरतडली गेली, हाड घट्ट झालं, सांध्यातली फट बुजली, तर ते दिसेल. पण हे व्हायला काही वर्षं लागतात. १९८४ च्या सुधारित न्यूयॉर्क निकषांत मात्र निदानासाठी एक्स-रेतली इजा दिसणं आवश्यक होतं. म्हणजे हाड बिघडेपर्यंत निदान नाही, आणि निदान झालं तेव्हा हाड बिघडलेलं. त्रास सुरू होण्यापासून निदान होईपर्यंत पाच-सात वर्षं जाणं जगभर नेहमीचं होतं, अजूनही आहे. या काळात माणूस दोन हाडवैद्य, तीन मालिशवाले आणि ‘डिस्क सरकलीय’ असं सांगणारे एक-दोन डॉक्टर पालथे घालतो.

१९७३ मध्ये एचएलए-बी२७ या जनुकीय खुणेशी या आजाराचा संबंध सापडला. ती रक्ततपासणी मदत करते, पण पुरती नाही. खूण असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार आयुष्यात कधी होत नाही, आणि काही रुग्णांत ती खूण सापडतच नाही. त्यामुळे हाडाचा आकार बिघडण्याआधी त्याच्यात चाललेली गडबड दाखवणारं काही हवं होतं. आण्विक चित्रणाकडे लोक वळले ते यासाठी.

इंजेक्शनमध्ये काय असतं

एक्स-रेत किरण बाहेरून येऊन शरीरातून आरपार जातात. बोन स्कॅन या आण्विक तपासणीत उलटं असतं. किरण सोडणारा पदार्थ अगदी थोडा, शिरेतून आत सोडतात आणि बाहेर ठेवलेला गॅमा कॅमेरा तो कुठे जमतोय ते टिपतो. पदार्थाचे दोन भाग. एक किरणोत्सारी टेक्नेशियम-९९एम, आणि दुसरा त्याला हाडापर्यंत घेऊन जाणारा फॉस्फेटसारखा रेणू, ज्याला एमडीपी म्हणतात. हाडात जिथे रक्तपुरवठा वाढलाय आणि नवं हाड घडतंय, तिथे हा रेणू हाडाच्या खनिजाला जास्त चिकटतो.

टेक्नेशियम हे माणसाने कृत्रिमरीत्या मिळवलेलं पहिलं मूलद्रव्य. १९३७ मध्ये पालेर्मोत सेग्रे आणि पेरिये यांनी ते ओळखलं. ९९एम या त्याच्या रूपाचं अर्धायुष्य सहा तास. सकाळी टोचलेलं संध्याकाळी निम्मं आणि दुसऱ्या दिवशी नावापुरतं उरतं. मग इतकं नाशवंत औषध गावोगावी पोचतं कसं? पाठवायचं असतं त्याचं जनक मूलद्रव्य, मॉलिब्डेनम-९९, ज्याचं अर्धायुष्य ६६ तास. शिशाच्या वेष्टणातल्या नळकांड्यात मॉलिब्डेनम बसलेलं असतं, त्यातून सतत टेक्नेशियम तयार होतं आणि रोज सकाळी सलाइन सोडून ते काढून घेतात. या नळकांड्याला जगभरचे तंत्रज्ञ ‘गाय’ म्हणतात आणि या कामाला ‘धार काढणं’. हा शब्द आपल्याकडच्या कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

टेक्नेशियम हाडाकडे नेणारी फॉस्फेटची संयुगं गोपाल सुब्रमणियन आणि जॉन मॅकाफी यांनी अमेरिकेत सिरॅक्यूजला तयार केली. पहिला लेख १९७१ चा, एमडीपीचा १९७५ चा. आज जगात कुठेही बोन स्कॅन होतो तो बहुतेक याच एमडीपीवर.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी जुना संबंध आहे. तुर्भ्याची अप्सरा अणुभट्टी १९५६ मध्ये सुरू झाली. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये उभं राहिलं. देशातला पहिला पेट स्कॅनरही २००२ मध्ये तिथेच आला. वाशीच्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेतून किरणोत्सारी औषधं आणि किट देशभर जातात. तरीही अणू हा शब्द ऐकला की रुग्णाच्या नातेवाइकांचा चेहरा उतरतोच. एमआरआयचं जुनं नाव ‘न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स’ होतं आणि त्यातला ‘न्यूक्लिअर’ गळून गेला, तो उगाच नव्हे.

तपासणीच्या दिवशी

उपाशी राहावं लागत नाही. हाताच्या शिरेत छोटं इंजेक्शन देतात. ते टोचण्यापलीकडे काही जाणवत नाही. पहिली चित्रं कधी लगेच घेतात, त्यांत दाहामुळे वाढलेला रक्तप्रवाह दिसतो. मग दोन ते चार तास थांबायचं. या वेळात भरपूर पाणी प्यायचं, कारण हाडाला न चिकटलेला भाग लघवीतून बाहेर जातो आणि तो जितका जाईल तितकं चित्र स्वच्छ.

कॅमेऱ्याखाली जाण्याआधी मूत्राशय रिकामं करायला सांगतात. ही सूचना लोक हलक्यात घेतात; आपल्या विषयात मात्र ती कळीची आहे. मूत्राशय त्रिकास्थीच्या अगदी पुढे असतं. त्यात किरणोत्सारी लघवी साठलेली असेल तर समोरून घेतलेल्या चित्रात तिथे पांढऱ्यावर काळाकुट्ट गोळा उमटतो आणि त्याच्यामागचं काहीच धड दिसत नाही. लघवीचा एक थेंब कपड्यावर सांडला तरी चित्रात हाडावर डाग दिसू शकतो. अनुभवी तंत्रज्ञ अशा वेळी कपडे बदलून पुन्हा चित्र घेतो.

मग अरुंद टेबलावर अर्धा तास निश्चल पडायचं. ज्याची कंबर पडून राहिल्यानेच आखडते त्याच्यासाठी तपासणीतला सगळ्यात अवघड भाग हाच. गुडघ्याखाली उशी मागितली तर देतात. कॅमेऱ्याची सपाट थाळी अंगाच्या जवळ येते. तिच्यातून किरण बाहेर पडत नाहीत, ती फक्त टिपते. पूर्ण अंगाचं चित्र झाल्यावर कंबरेभोवती थाळी फिरवून छेदांची चित्रं घेतात. त्याला स्पेक्ट म्हणतात, आणि सोबत सीटी असेल तर स्पेक्ट-सीटी. नुसत्या सपाट चित्रात सांधा, त्याच्या शेजारचं हाड आणि पाठीच्या कण्याचे छोटे सांधे एकमेकांवर पडतात. स्पेक्ट-सीटीत ते सुटे दिसतात.

सगळ्यांचाच सांधा उजळतो

आता खरी अडचण. बोन स्कॅनची ख्याती अशी की हाडातली गडबड तो एक्स-रेच्या कितीतरी आधी दाखवतो. कर्करोग हाडात पसरलाय का हे पाहण्यात ती ख्याती खरी ठरली. मग १९७० च्या दशकात संधिवाताच्या डॉक्टरांनाही वाटलं, एसआय सांध्याचा दाहही असाच आधी पकडू.

पण हा सांधा निरोगी माणसातही उजळतो. धडाचं सगळं वजन इथून पायांकडे जातं, हाडाची उलाढाल इथे नेहमीच जास्त असते, आणि तरुण वयात तर आणखी. म्हणजे ज्या वयात आजार सुरू होतो नेमक्या त्याच वयात निरोगी सांधाही चांगला तेजस्वी दिसतो. दुसरं असं की स्कॅन वाचणाऱ्याची नजर डाव्या-उजव्यातला फरक शोधायला सरावलेली असते. एएसमध्ये बरेचदा दोन्ही सांधे सारखेच सुजतात, त्यामुळे तुलनेला निरोगी बाजूच उरत नाही.

यावर तोडगा म्हणून आकडेमोड आली. सांध्यावर जमलेल्या किरणांची मोजणी करायची, तिला त्रिकास्थीच्या मधल्या भागातल्या मोजणीने भागायचं आणि गुणोत्तर ठराविक मर्यादेपेक्षा जास्त आलं तर दाह समजायचा. कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात मर्यादा कुठे ठेवायची यावर प्रयोगशाळांचं एकमत होईना. वयानुसार ती बदलते, कॅमेऱ्यानुसार बदलते, मोजण्यासाठी चौकट कुठे आखली यानेही बदलते. शिवाय भागाकारातला छेद, म्हणजे त्रिकास्थी, स्वतःच आजारात सापडलेली असली तर गुणोत्तर खाली येतं आणि आजारी माणूस निरोगी ठरतो.

आजार जुना झाला की आणखी एक गंमत होते. सांधा पूर्ण जुळून गेला की तिथली उलाढाल थंडावते आणि स्कॅन पुन्हा साधा दिसू लागतो. त्या माणसाची पाठ वाकत नसते, पण कॅमेऱ्याला सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं.

२००८ मध्ये जर्मन संशोधकांनी तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. एएस असलेल्यांपैकी जेमतेम निम्म्यांत साध्या स्कॅनने सांध्याचा दाह दाखवला होता. निम्मे म्हणजे नाणं उडवण्याइतकंच, असं कोणी म्हणेल, आणि त्याला फारसं चुकीचं म्हणता येणार नाही. २०१५ मध्ये युरोपच्या संधिवात संघटनेने, यूलरने, आपल्या शिफारशींत स्पष्ट लिहिलं की या सांध्याच्या दाहाच्या निदानासाठी बोन स्कॅन करू नये. आधी एक्स-रे, आणि त्याने भागलं नाही तर एमआरआय. आपल्याकडे अजूनही काही कंबरदुख्यांच्या हातात पहिल्याच फेरीत बोन स्कॅनची चिठ्ठी पडते. ती पडू नये, असं माझं मत आहे.

एमआरआयलाही चकवा बसतो

एमआरआयमध्ये सांध्यालगतच्या हाडाच्या मज्जेतलं पाणी, म्हणजे दाहाची सूज, थेट दिसते. आणि किरणोत्सार शून्य. २००९ च्या नव्या वर्गीकरण निकषांत एमआरआयला जागा मिळाल्यावर एक्स-रे साधा असलेल्या रुग्णालाही आजाराचं नाव मिळू लागलं.

मात्र इथेही धसमुसळेपणा चालत नाही. २०१८ च्या एका अभ्यासात पाठदुखी नसलेल्या ४७ निरोगी स्वयंसेवकांपैकी ११ जणांचा एमआरआय त्या निकषांनुसार ‘दाह आहे’ असा निघाला. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांत आणि नियमित धावणाऱ्यांतही अशी सूज दिसते. वजन पेलणारा सांधा स्कॅनला फसवतो तसाच एमआरआयलाही.

बोन स्कॅन तरीही कुठे कामाचा

एसआय सांध्याचं निदान करायला नको म्हटलं तरी हा स्कॅन अडगळीत गेलेला नाही. उलट, ‘हे एएसच आहे का, की त्याची नक्कल करणारं दुसरं काही?’ या प्रश्नाला तो कधी कधी सुरेख उत्तर देतो.

ऑस्टिऑइड ऑस्टिओमा घ्या. हाडातली शेंगदाण्याएवढीसुद्धा नसलेली, कर्करोगाची नसलेली गाठ. रुग्ण तरुण, दुखणं रात्रीचं, ॲस्पिरिनसारख्या गोळीने झटकन उतरणारं. एएसची हुबेहूब नक्कल. मणक्याच्या मागच्या भागात ही गाठ असेल तर एक्स-रेत सहज निसटते. बोन स्कॅनमध्ये मात्र त्या एका बिंदूवर दिवा लागल्यासारखा डाग उमटतो, आणि मग त्या जागेचा बारीक सीटी काढून गाठ निश्चित करता येते. एएस समजून वर्षानुवर्षं गोळ्या खाणारा माणूस अशा वेळी एका छोट्या शस्त्रक्रियेने सुटतो.

वयस्क बाईला अचानक त्रिकास्थीत दुखू लागलं आणि हाडं ठिसूळ असतील, तर सूक्ष्म फ्रॅक्चर असू शकतं. स्कॅनमध्ये ते इंग्रजी एच अक्षरासारखं दिसतं. छातीच्या मधल्या हाडाचा आणि हंसळ्यांचा दाह असेल तर बैलाच्या डोक्यासारखी आकृती उमटते. ती सॅफो या एएसच्या भाऊबंद आजाराची खूण. टाचांवर, छातीच्या सांध्यांवर एकदमच उजेड दिसला तर आजार कुठवर पसरलाय याचाही अंदाज येतो, कारण एकाच इंजेक्शनमध्ये पूर्ण अंग दिसतं.

आपल्याकडे एक गोष्ट विसरून चालत नाही: क्षय. एकाच बाजूचा एसआय सांधा सुजलेला, सोबत ताप किंवा वजन घटणं, असं असेल तर एएस म्हणण्याआधी टीबीचा विचार करायलाच हवा. गोठ्यात काम करणाऱ्यात, कच्चं दूध पिणाऱ्यात ब्रुसेला या जंतूचाही. स्कॅन इथे सांगतो फक्त ‘उजेड आहे’; जंतूने लागलेला की प्रतिकारयंत्रणेने, हे त्याला कळत नाही. त्यासाठी सुई घालून नमुना घ्यावा लागतो. ही चूक महागात जाते, कारण एएसवरची, टीएनएफ हा दाह पेटवणारा रेणू रोखणारी इंजेक्शनं झाकलेला क्षय उफाळून आणू शकतात. म्हणूनच ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात.

नवे माग काढणारे

जुन्या स्कॅनचा दोष कॅमेऱ्यात कमी आणि औषधात जास्त होता. एमडीपी फक्त ‘इथे हाडाची उलाढाल आहे’ एवढंच सांगतो. मग प्रश्नच जरा नेमका विचारला तर?

पेट या दुसऱ्या प्रकारच्या आण्विक स्कॅनवर फ्लोराइड वापरून बघितलं गेलं. किरणोत्सारी फ्लोरिन-१८ हाडाच्या खनिजात जाऊन बसतो आणि नवं हाड कुठे घडतंय ते एमडीपीपेक्षा बरंच स्पष्ट दाखवतो. २०१२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका गटाने दहा एएस रुग्णांवर तीन वेगळी पेट-औषधं ताडून पाहिली. साखरेचं एफडीजी, जे कर्करोगात सर्रास वापरतात, आणि दाहातल्या पेशींना चिकटणारं दुसरं, ही दोन्ही फिकी पडली. फ्लोराइडने मात्र कण्यातल्या जागा ठळक दाखवल्या. यातून एक विचार पुढे आला: या आजारात नुसता दाह बघून भागत नाही, हाड कुठे वाढू पाहतंय तेही बघायला हवं. दहाच रुग्णांचा अभ्यास, त्यामुळे त्यावर फार उड्या मारू नयेत. पण मला त्यातली दिशा पटते.

बेल्जियममधल्या गेंट इथल्या डॉक्टरांनी वेगळी युक्ती केली. सर्टोलिझुमॅब हे टीएनएफ रोखणारं औषधच त्यांनी टेक्नेशियमला जोडलं आणि स्कॅन केला. ज्या सांध्यात टीएनएफमुळे दाह आहे तिथे ते औषध जाऊन बसतं, म्हणजे महागडं इंजेक्शन त्या माणसाला उपयोगी पडेल का याचा अंदाज आधीच घेता येईल, ही त्यामागची आशा. २०१८ मध्ये हायडेलबर्गहून आलेले फॅपी नावाचे रेणूही सांध्यांच्या आजारांत तपासले जाताहेत. ते दाहानंतर ऊती नव्याने रचणाऱ्या पेशींना चिकटतात.

हे सगळं अजून संशोधनाच्या दालनात आहे, रोजच्या ओपीडीत नाही. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं; ते सायक्लोट्रॉनमध्ये बनवून धावतपळत न्यावं लागतं. मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी घाटात दोन तास खोळंबली तर निम्म्याहून जास्त औषध वाटेतच विरून जातं.

किरणं किती लागतात

एका बोन स्कॅनने शरीराला साधारण चार मिलिसिव्हर्ट मिळतात. जमीन, हवा, अवकाश यांतून जगभरातल्या माणसाला सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे दीड-दोन वर्षांची नैसर्गिक भर एका दिवसात. सोबत सीटी केला तर थोडी अधिक. एखाद्या वेळेला घाबरण्यासारखं नाही, पण विशीतल्या माणसावर ‘करून बघू’ म्हणून वारंवार करण्यासारखंही नाही. गर्भारपणात टाळतात. अंगावर पाजणाऱ्या आईने तसं आधी सांगायला हवं.

चिठ्ठीवरच्या दोन ओळी

‘दोन्ही एसआय सांध्यांत सौम्य वाढलेलं शोषण’ असं रिपोर्टमध्ये वाचून काही जण स्वतःच निदान करून टाकतात. एवढ्या ओळीवरून एएस ठरत नाही, आणि ‘शोषण साधारण’ असं लिहिलेलं असलं म्हणून एएस नाही असंही ठरत नाही. रिपोर्ट, एक्स-रेची फिल्म, रक्ताचे अहवाल, सगळं घेऊन संधिवाततज्ज्ञाकडे जावं. हाडांच्या डॉक्टरांपेक्षा हा वेगळा तज्ज्ञ असतो, हे बऱ्याच घरांत अजून माहीत नसतं.

आणि स्कॅनला पाठवणाऱ्या चिठ्ठीवर ‘आजाराची माहिती’ म्हणून दोन ओळींचा रकाना असतो, तो एकदा वाचून पाहा. तिथे नुसतं ‘कंबरदुखी’ लिहिलेलं असेल तर चित्र वाचणाऱ्याला कशाचा माग काढायचा तेच कळणार नाही. पहाटे किती वाजता जाग येते, सकाळी किती वेळ ताठरपणा राहतो, दुखणं बाजू बदलतं का, घरात कुणाला टीबी झाला होता का, अलीकडे पडलात का, बाळंतपण कधी झालं, हे इंजेक्शन देणाऱ्या तंत्रज्ञाला आपणहून सांगितलं तरी तो ते कागदावर लिहून घेतो.